लॉगिनला पेंडिंग : संगणकाचे शब्द आणि आपले हक्क

(अंबाजोगाई येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



आष्टीपासून परळीपर्यंत, आपल्या बीड जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत रोज कानावर पडणारं एक वाक्य मी आधी सांगतो. "तुमचा अर्ज तालुका लॉगिनला पेंडिंग आहे." सेवा केंद्राच्या काउंटरवर ते ऐकू येतं, तहसीलच्या वऱ्हांड्यात ऐकू येतं. ऐकणारा मान डोलावतो, कागदांची घडी पिशवीत ठेवतो आणि गावाकडची एसटी धरतो. आज काम झालं नाही, एवढंच त्याच्या हाती लागतं. काम कुणाकडे अडलं, पुढं कुणाला भेटायचं, किती दिवस थांबायचं, हे विचारायचं त्याला सुचत नाही. खरं म्हणजे अर्ज कुठे आहे ते त्या वाक्यात स्वच्छ सांगितलेलं असतं. 'लॉगिन' आणि 'पेंडिंग' या दोन शब्दांचा अर्थ ठाऊक असता, तर तो माणूस एसटी धरण्याआधी समोरच्या खोलीत गेला असता.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींच्या ओट्यावर शाळा सुटल्यावर माणसं जमत. कुणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरून हवा असे, कुणाला सोसायटीची नोटीस वाचून हवी असे. गुरुजी नोटीस वाचत आणि मग म्हणत, "ही थकबाकीची आहे, जप्तीची नाही. मुदत आहे अजून. सोमवारी जाऊन सचिवाला भेट, आणि जाताना मागच्या हप्त्याची पावती ने." शब्दाचा अर्थ सांगणं म्हणजे काय, हे मी तिथं शिकलो. अर्थ कळल्यावर माणसाला पुढचं पाऊल टाकता आलं पाहिजे. आज संगणकातल्या इंग्रजी शब्दांविषयी मी बोलणार आहे ते याच कसोटीवर. रेशन, पीकविमा, शिष्यवृत्ती, अनुदान, सगळं आता या शब्दांमधून येतं. ते ज्याला कळत नाहीत त्याचा हक्क दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो.

मराठवाड्याला परक्या भाषेतला कारभार नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. दफ्तर उर्दूत चाले, जुने कागद मोडीत होते आणि घरात आपण मराठी बोलत होतो. जमीन एकाची, आणि तिचा कागद वाचणारा दुसराच, अशी स्थिती होती. ती आठवण २०२३ मध्ये पुन्हा जागी झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, गावोगावची जुनी दफ्तरं निघाली, मोडी आणि उर्दू वाचणारे जाणकार शोधावे लागले. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. 'स्कॅन' आणि 'अपलोड' हे शब्द तेव्हा पारापारावर पोचले.

पण स्कॅन म्हणजे काय, हे फार थोड्यांना कुणी सांगितलं. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्या फोटोत काय लिहिलं आहे हे संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी आजोबांचं नाव आणि कागदावरचा शाईचा डाग सारखेच, दोन्ही काळे ठिपके. म्हणून सर्चच्या चौकटीत आजोबांचं नाव टाकलं आणि काही आलं नाही, तर नोंदच नाही असं समजू नका. कुणीतरी माणसानं तो कागद वाचून नाव टाइप केलेलं असेल तरच सर्चला ते सापडतं. नसेल, तर गाव निवडून एकेक पान उघडून पाहावं लागतं, आणि मोडी येत नसेल तर वाचणारा बरोबर घ्यावा लागतो. 'ऑनलाइन दिसत नाही' एवढ्या उत्तरावर अनेक जण परत फिरले, याचं मला आजही वाईट वाटतं.

अवघड शब्द आपल्या माणसांना समजावून सांगायची या गावाची परंपरा मोठी आहे. मुकुंदराजांची समाधी आपण अंबाजोगाईत मानतो. संस्कृतातलं वेदान्ताचं ज्ञान त्यांनी शके १११० मध्ये, म्हणजे ११८८ साली, 'विवेकसिंधू'त मराठीत मांडलं. त्यानंतर चारशे वर्षांनी याच गावात दासोपंतांनी पासोडी लिहिली. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरणाचा विषय मांडला. पंचीकरण हा तत्त्वज्ञानातला पारिभाषिक शब्दांनी गच्च भरलेला भाग. दासोपंतांनी त्यासाठी ओव्यांच्या जोडीला आकृत्या काढल्या. कशातून काय निघतं आणि कशाचा कशाशी संबंध, हे डोळ्यांना दिसावं म्हणून अख्खं कापड वापरलं. पारिभाषिक शब्द एकेकटा समजत नाही, त्याच्या आगेमागे काय आहे ते दाखवावं लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. संगणकाच्या शब्दांचंही अगदी तसंच आहे.

आता सर्व्हरकडे येतो. मागेल त्याला माहिती पुरवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तुमचा सातबारा सेवा केंद्रातल्या संगणकात नसतो. तो संगणक फक्त मागणी करतो. मागणी तारेतून किंवा टॉवरवरून सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथलं उत्तर पडद्यावर दिसतं. त्यासाठी केंद्राची वीज चालू हवी, इंटरनेट चालू हवं, त्या खात्याचं पोर्टल चालू हवं, आणि आधारची पडताळणी लागणार असेल तर आधारची यंत्रणाही चालू हवी. यातलं काहीही अडलं तरी आपल्याला एकच उत्तर मिळतं, "सर्व्हर डाऊन आहे." उत्तर एक असलं तरी अडचणी वेगवेगळ्या आहेत. केंद्राचं नेट गेलं असेल तर शेजारच्या केंद्रात काम होईल. पोर्टलच बंद असेल तर केजला काय आणि मुंबईला काय, कुठेच होणार नाही. पडताळून पाहायचा मार्ग सोपा आहे: तेच संकेतस्थळ आपल्या किंवा पोराच्या मोबाईलवर उघडायचं. तिथं उघडलं तर अडचण केंद्राची. तिथंही उघडलं नाही तर पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवायचा. यालाच स्क्रीनशॉट म्हणतात, आणि मुदत हुकली तर हाच तुमचा पुरावा आहे. २०२३ च्या खरिपात १ रुपयात पीकविमा सुरू झाला तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली होती. शेवटच्या दिवशी लाखो अर्ज एकाच सर्व्हरवर गेले की तो गुदमरतोच. एका वेळी किती मागण्यांना उत्तर द्यायचं याला त्याची मर्यादा असते.

पीकविम्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. खरीप २०२० मध्ये सुरू झालेला 'बीड पॅटर्न' देशभर गाजला. विमा कंपनीच्या नफ्याला त्यात मर्यादा होती. भरपाई हप्त्याच्या रकमेपेक्षा बरीच कमी निघाली तर २० टक्के ठेवून बाकीची रक्कम कंपनीनं राज्याला परत करायची आणि भरपाई ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्यानं उचलायचा. या जिल्ह्याच्या नावानं धोरण झालं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच योजनेत शेतकऱ्याला नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे आणि त्या सूचनेला एक 'डॉकेट आयडी' मिळे. आयडी म्हणजे ओळख क्रमांक. तो जपून ठेवला नाही तर ७२ तासांत सूचना दिली होती हे सिद्ध करणं कठीण. कितीतरी शेतकऱ्यांनी फोन केला, सूचना दिली, आणि तो क्रमांक कुठेही लिहून ठेवला नाही, कारण तो कशासाठी आहे हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं.

लॉगिन म्हणजे स्वतःचं नाव आणि पासवर्ड टाकून यंत्रणेत जाण्याचा अधिकार. प्रत्येक अधिकाऱ्याला त्याच्या कामापुरतं लॉगिन असतं. पूर्वी आपण विचारत होतो, फाईल कुणाच्या टेबलावर आहे? लॉगिन हे तेच टेबल आहे. अर्ज 'तलाठी लॉगिनला' आहे म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्यानं तो उघडून पाहायचा आहे. 'तालुका लॉगिनला' आहे म्हणजे तालुक्याच्या त्या खात्याच्या अधिकाऱ्यानं. आणि 'पेंडिंग' याचा अर्थ, त्या माणसानं अजून बटण दाबलेलं नाही. हा अर्थ मी मुद्दाम अधोरेखित करतो. यंत्र तिथं थांबलेलं नसतं, ते माणसाची वाट पाहत असतं. म्हणून लॉगिनला पेंडिंग असलेल्या अर्जासाठी सेवा केंद्रात पुन्हा पुन्हा जाण्यात काही हशील नाही. केंद्रचालकाच्या हातातून तो केव्हाच गेलेला असतो. अर्ज क्रमांक घेऊन त्या कार्यालयात जायचं आणि विचारायचं, "हा अर्ज आपल्या लॉगिनला अमुक तारखेपासून आहे, काय उणीव आहे?"

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या पोरापोरींनी हे तर नीट समजून घ्यावं. त्यांचा अर्ज आधी महाविद्यालयाच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या आणि त्यानंतर सरकारी खात्याच्या. विद्यार्थी समाजकल्याणच्या कार्यालयात हेलपाटे घालत असतो आणि अर्ज मात्र त्याच्याच महाविद्यालयाच्या कार्यालयात पडून असतो. शिवाय 'रिजेक्ट' आणि 'सेंड बॅक' यांत फार अंतर आहे. सेंड बॅक म्हणजे दुरुस्तीसाठी तुमच्याकडेच परत पाठवला. कागद बदला आणि तोच अर्ज पुन्हा सादर करा. मुदतीत ते केलं नाही तर अर्ज गेला. परत आलेला अर्ज नामंजूर समजून गप्प बसल्यामुळे वर्षाची फी घरातून भरावी लागलेली मुलं माझ्या माहितीत आहेत.

धारूर तालुक्यातल्या एका रेशन दुकानात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. साठीच्या आसपासची एक मावशी रांगेत होती. उमेद होती तोवर दरसाल दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या टोळीत जाणारी. तिनं यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला. यंत्र वाजलं, लाल अक्षरं आली. दुकानदारानं काच पुसली, तिनं पदराला अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग दुसरा हात. "थंब घेत नाही, मावशी," दुकानदार म्हणाला. तिनं हात उलटा करून बोटांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "म्हंजी मी न्हाईच का?"

या प्रश्नाला उत्तर देणं आपलं काम आहे. 'बायोमेट्रिक' म्हणजे शरीराच्या खुणेवरून ओळख. बोटावरच्या रेषा जिथं संपतात किंवा फुटतात, त्या बिंदूंचा नकाशा आधार काढताना नोंदवून ठेवलेला असतो. यंत्र नवा ठसा त्या नकाशाशी ताडून पाहतं आणि पुरेसे बिंदू जुळले की 'हो' म्हणतं. ऊस तोडून, मोळ्या बांधून, पाचट ओढून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा घासल्या गेल्या, त्यांचे बिंदू पुरेसे जुळत नाहीत. यंत्राच्या 'नाही'चा अर्थ एवढाच: आज, या काचेवर, या बोटाचा ठसा पुरेसा जुळला नाही. त्यातून तिची ओळख मिटत नाही आणि तिचा धान्याचा हक्क तर मुळीच जात नाही. दहा बोटांपैकी जे बोट चांगलं उमटतं ते वापरता येतं. डोळ्याच्या बुबुळावरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवरच्या ओटीपीवरून ओळख पटवण्याच्या सोयी आहेत. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं नोंदवता येतात. या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. त्यांच्या बोटांची झीज हा अपवाद धरून चालणारच नाही.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आणि काही मिनिटांत रद्द होणारा आकडा. तो मोबाईलवर येतो, कारण 'हा मोबाईल या क्षणी याच माणसाच्या हातात आहे' एवढं त्यातून सिद्ध करायचं असतं. म्हणून ओटीपी सांगणं हे सही करण्यासारखंच आहे. केंद्रचालक "ओटीपी सांगा" म्हणाला की "कशासाठी?" एवढं विचारा. विमा भरायला आला आहे, की खातं उघडायला, की कर्जाला संमती द्यायला? एसएमएसच्या मजकुरात बहुतेक वेळा ते लिहिलेलं असतं, आपण फक्त आकडा वाचतो. यूपीआयचा पिन त्याहून वेगळा. तो पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" असं कुणी म्हणालं तर तो फसवतो आहे हे पक्कं समजा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम पुढं जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता जास्त.

आता अडचण अशी की आधारला जोडलेला मोबाईल अनेक घरांत एकच असतो आणि तोही पोराकडे पुण्याला किंवा मुकादमाकडे असतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये बहिणीच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचे पती गेले, वडीलही गेले, त्या बायकांनी तो कुठून आणायचा? हे पोर्टल आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपल्या गावची एकटी बाई नव्हती, हे मी स्पष्ट सांगतो. ई-केवायसी म्हणजे 'तुम्ही तुम्हीच आहात' याची इलेक्ट्रॉनिक खातरजमा. ती पुरी झाली की पैसे आलेच असं नसतं, आणि अडली की पात्रता संपली असंही नसतं.

सर्वांत जास्त घोटाळा 'लिंक' या शब्दानं केला आहे. लाडकी बहीण योजनेच्या पैशांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांसमोर लागलेल्या बायकांच्या रांगा आठवा. प्रत्येकीचं म्हणणं एकच, "मी आधार दिलेलं आहे, खात्याला लिंक आहे." आणि तरी पैसे आलेले नाहीत, किंवा भलत्याच बँकेत गेले आहेत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, बँकेनं ती ओळखीसाठी खात्याला जोडली, हे एक काम झालं. सरकारी अनुदान थेट खात्यात यायला, म्हणजे डीबीटीला, दुसरं काम व्हावं लागतं, त्याला सीडिंग म्हणतात. एनपीसीआय या संस्थेकडे एक मोठी यादी असते. त्या यादीत तुमच्या आधार क्रमांकासमोर फक्त बँकेचं नाव असतं, आणि तेही एकाच बँकेचं. सरकार आधार क्रमांकावर पैसे पाठवतं, ती यादी बँक दाखवते आणि बँक आपल्याकडच्या त्या आधारच्या खात्यात रक्कम टाकते. तुम्ही फॉर्मवर कुठला खाते क्रमांक लिहिला याला त्या वाटेवर महत्त्व नसतं. तुमची तीन बँकांत खाती असतील तर सर्वांत शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं तिथं पैसे जातात. कुणी गावात येऊन शून्य शिलकीचं खातं उघडून गेलं असेल, तुम्ही ते विसरलाही असाल, पण यादी विसरत नाही. म्हणून बँकेत गेल्यावर "आधार लिंक आहे का?" असं विचारू नका. "माझं आधार डीबीटीसाठी याच बँकेत सीड झालंय का?" असं विचारा. या एका प्रश्नानं हजारो हेलपाटे वाचतील.

नावांचा गोंधळ तर मुळाशी जाऊन पाहण्यासारखा आहे. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. शून्य किंवा एक, एवढी सर्वांत लहान माहिती म्हणजे बिट. हा शब्द क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात वापरला आणि त्याचं श्रेय जॉन ट्युकी यांना दिलं. आठ बिटांचा एक बाइट. रोमन लिपीतलं एक अक्षर साठवायला एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडच्या आजच्या रूढ पद्धतीत तीन बाइट लागतात. आपलं 'बीड' घ्या. ब, दीर्घ वेलांटी आणि ड, अशी तीन चिन्हं, नऊ बाइट. वेलांटी ऱ्हस्व केली तर डोळ्याला फरक जाणवणारही नाही, पण आकडा बदलला, म्हणून संगणकाच्या लेखी शब्द बदलला. रोमन लिपीत तर जिल्ह्याच्या नावाचीच तीन रूपं सापडतात. कुठे दोन 'ई' घालून, कुठे एक 'आय' घालून, आणि निजामाच्या काळातल्या इंग्रजी कागदांत 'भीर'. माणूस तिन्ही वाचून बीडच म्हणेल. संगणकाला ती तीन गावं वाटतात.

हेच तुमच्या-माझ्या नावाचं होतं. आधारवर 'काशीबाई' जोडून, बँकेत 'काशी बाई' तोडून, सातबाऱ्यावर 'काशिबाई भ्र. अमुक'. 'मिसमॅच' असा शेरा येतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की अक्षरांचे आकडे जुळले नाहीत. कुणी खोटेपणाचा आरोप केलेला नसतो. पण तो शेरा वाचून माणूस आरोपीसारखा खाली मान घालून उभा राहतो, हे मी पाहिलेलं आहे. दुरुस्ती कुठे करायची ते आधी ठरवा. बहुतेक ठिकाणी इतर नोंदी आधारशी ताडून पाहतात, म्हणून आधारवरचं नाव आधी नीट करून घ्या आणि मग बाकीचे कागद त्याप्रमाणे. उलट क्रमानं गेलात तर सगळं दोनदा करावं लागेल.

केबी आणि एमबीचं थोडक्यात. एक केबी म्हणजे साधारण हजार बाइट, एक एमबी म्हणजे साधारण हजार केबी. आजच्या मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि पोर्टल म्हणतं फोटो २० केबीच्या आत द्या, कागद ५०० केबीच्या आत द्या. मग फोटो लहान करताना अक्षरं पुसट होतात आणि 'कागद अस्पष्ट' म्हणून अर्ज परत येतो. फोटो पुन्हा पुन्हा आवळण्यापेक्षा स्कॅन करतानाच योग्य आकाराचा घ्यावा. केंद्रचालकांनी सादर करण्याआधी तो पडद्यावर मोठा करून अर्जदाराला दाखवावा, एवढी माझी विनंती आहे.

आणि आता तो शब्द, ज्याची परीक्षा देशात सर्वांत आधी ज्या मोजक्या जिल्ह्यांत झाली त्यांत आपला बीड होता. ॲग्रीस्टॅक. केंद्र सरकारनं सहा राज्यांतला एकेक जिल्हा पथदर्शी म्हणून निवडला. उत्तर प्रदेशातून फर्रुखाबाद, गुजरातमधून गीर सोमनाथ, महाराष्ट्रातून बीड. स्टॅक म्हणजे एकावर एक रचलेले थर. इथं ते तीन आहेत. पहिला शेतकऱ्यांची नोंदवही, दुसरा जमिनीचे नकाशे, तिसरा कुठल्या शेतात कुठलं पीक उभं आहे याची नोंद. हे थर एकमेकांना जोडले की शेतकऱ्याला एक ओळख क्रमांक मिळतो, त्यालाच आपण फार्मर आयडी म्हणतो. २०२५ पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो लागतो. २०२१ साली राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी तिसऱ्या थराला माहिती पुरवते. तुम्ही बांधावर उभं राहून कापसाचा फोटो काढता तेव्हा मोबाईल त्या जागेचे अक्षांश-रेखांशही फोटोबरोबर नोंदवतो. हे जीपीएसचं काम. जीपीएस उपग्रहांचे संदेश ऐकून चालतं, त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती फोटो पाठवायला. त्यामुळे "शेतात रेंज नाही, पाहणी होणारच नाही" असं समजून मुदत घालवू नका. उघड्या आभाळाखाली फोटो काढा, जतन करा आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवा.

या रचनेत सोय आहे, मी ती नाकारत नाही. पण एक थर चुकला की त्यावरचा प्रत्येक थर चुकतो. सातबाऱ्यावर वारसाची नोंद राहिली असेल तर आयडी अडतो, आयडी अडला की अनुदान अडतं. आणि ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्या बटईनं करणाऱ्यांचं काय? खंडानं जमीन कसणाऱ्या बाईचं काय? तिचं पीक तिसऱ्या थरात दिसतं, ती स्वतः पहिल्या थरात नाही. देशाची परीक्षा आपल्या जिल्ह्यावर झाली असेल तर तिच्यातली ही उणीव सांगायचा पहिला अधिकारही आपलाच आहे.

एमकेसीएल २००१ मध्ये स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत संगणक नेला, हे फार मोठं काम झालं. आपल्या घराघरांत ते प्रमाणपत्र आहे. त्यासाठी मुलांनी रॅम म्हणजे काय, सीपीयू म्हणजे काय, याच्या व्याख्या पाठ केल्या. त्या बरोबरच आहेत. पण रेशन दुकानात किंवा बँकेत सीपीयूची व्याख्या कुणी विचारत नाही. तिथं लागणारे शब्द वेगळे आहेत आणि ते शिकवणारं पुस्तक नाही. समोर बसलेल्या तरुण मित्रांनो, ते शब्द तुम्हाला येतात. आजीचा मोबाईल हातात घेऊन तुम्ही दोन मिनिटांत काम उरकता आणि परत देता. तसं करू नका. काय केलं ते तिला सांगा. "आजी, हा आकडा म्हणजे तुझी सही आहे, कुणाला देऊ नको," एवढं तरी सांगा.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांचीही बाजू मला ठाऊक आहे. पोर्टल बंद पडलं की शिव्या त्यांना, पैसे आले नाहीत की संशय त्यांच्यावर. लोकांना शब्दांचे अर्थ कळले तर त्यांचाच त्रास कमी होईल. केंद्राबाहेर दरपत्रक असतं, त्याच्या शेजारी या दहा-बारा शब्दांचे अर्थ मोठ्या मराठी अक्षरांत लावावेत.

शेवटी कायद्याचं. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम सांगतो की अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत दिली पाहिजे आणि नाकारायची असेल तर कारण लेखी दिलं पाहिजे. त्यावर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. राज्याचा कारभार मराठीत चालावा म्हणून १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे. मग पडद्यावर नुसतं 'रिजेक्टेड' असं इंग्रजीत येऊन चालणार नाही. कारण हवं, ते मराठीत हवं, आणि निर्णय कुणाच्या लॉगिनवरून झाला तेही हवं.

माझी मागणी एकच आहे आणि ती तुमच्या हातात आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यांतली जी ग्रामसभा आता येईल तिच्या विषयपत्रिकेवर एक विषय घाला: गावातून गेलेल्या अर्जांपैकी किती, कोणत्या लॉगिनला आणि किती दिवसांपासून अडकले आहेत, आणि नामंजूर झालेल्यांची कारणं काय, याचं मराठीतून वाचन. विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.